मीटरवाल्याची हजेरी

भोंगाबाईंचं खरं नाव चौकात कुणी घेत नसे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. सारी नोकरी त्यांनी बस स्थानकावर गाड्या पुकारण्यात घालवली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय, हे त्या अशा आवाजात सांगायच्या की बाकावर झोपलेला प्रवासीसुद्धा पिशवी चाचपत उठून उभा राहायचा. निवृत्तीनंतर हा आवाज दोन खोल्यांच्या घरात मावेना. मुलगा म्हणायचा, आई, मी शेजारच्या खोलीत आहे, शेजारच्या गावात नाही. मग एक दिवस तो मुलगाच नाहीसा झाला आणि बाईंच्या आवाजाला पुन्हा काम मिळालं. असं काम देव कुणाच्या वाट्याला न आणो.

मुलगा वीज कंपनीत मीटर वाचायचा. घरोघरी जिने चढायचा, आकडे टिपायचा, कुत्र्यांशी मैत्री करायचा. स्वभावाने गरीब, पण एक खोड होती. जेवायला हाक मारली की आतून "आलो" म्हणायचा आणि यायचा मात्र ताट गार झाल्यावर. बाईंनी त्यासाठी त्याला जन्मभर बोलणी ऐकवली, पुढे सुनेनेही ऐकवली, पण त्याने काही फरक पडला नाही.

त्याच्या भागात गावाबाहेरची एक कापडगिरणी होती. कधीची बंद, दाराला गंजलेलं कुलूप. कंपनीच्या नियमाप्रमाणे बंद जागेचाही मीटर वर्षातून एकदा बघावा लागतो, म्हणून हा गेला, तर मीटर गरगर फिरत होता. बंद गिरणी एखाद्या इस्पितळाएवढी वीज खात होती. साहेबांनी सांगितलं, शून्य लिही आणि मोकळा हो. याने लिहिलं नाही. उलट माणसांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या समितीच्या सभेत उभं राहून त्याने सगळ्यांसमोर विचारलं, की आत कुणी नाही तर दिवे कुणासाठी जळतात? शहरातून उचलून नेलेली माणसं कुठे ठेवतात हा प्रश्न तेव्हा सगळ्यांच्याच मनात होता, पण तोंडाला कुलूप होतं. ते याने उघडलं. आठवडा उलटायच्या आत कामाच्या वाटेवर एका जिन्यात त्याची विजेरी सापडली, चालू. तो सापडला नाही.

सरकारने कानांवर हात ठेवले. असा कुणी कर्मचारी आमच्या नोंदीत नाही, म्हणाले. हळूहळू अशा 'नसलेल्या' माणसांचे नातेवाईक दर शुक्रवारी दुपारी न्यायालयासमोरच्या चौकात जमू लागले आणि आपापल्या माणसांची नावं मोठ्याने घेऊ लागले. सरकारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हुकूम निघाला, की जी माणसं नोंदीत नाहीत त्यांची नावं चारचौघांत उच्चारणं हा गुन्हा आहे. ठीक आहे, समितीने म्हटलं, नावं नको. तेव्हापासून हजेरी धंद्यावरून होऊ लागली. घड्याळजी. नर्स. सुतार. टंकलेखक. आता 'सुतार' म्हणण्याला कुठलं कलम लावणार? न्यायालयाच्या पायरीवर पहारा करणाऱ्या पोटसुट्या हवालदाराने वरिष्ठांना विचारून पाहिलं, त्यांनाही सुचेना. मग तो पायरीवर बसून शेंगदाणे खाऊ लागला.

पुकारायचं काम भोंगाबाईंकडे आपोआप आलं. रीत अशी होती: एका ओळीत सगळे उभे राहायचे, प्रत्येकाची जागा ठरलेली. बाई धंदा पुकारायच्या आणि त्या माणसाचं घरचं कुणीतरी आपल्या जागेवरून उत्तर द्यायचं, "हजर." दुसऱ्याच्या माणसासाठी उत्तर द्यायचं नाही, हा नियम. ज्याचं दुःख त्यानेच तोंड उघडून बोलायचं. बाई स्वतः पुकारत असल्यामुळे मीटरवाल्यासाठी त्यांची सून उत्तर द्यायची. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. पण तो "हजर" मात्र ती असा म्हणायची की रस्त्यापलीकडची माणसं थबकत.

सगळं असं चाललं होतं, तोवर घड्याळजीची आई वारली.

म्हातारी कधी एक शुक्रवार चुकली नव्हती. त्या आठवड्यात तिची जागा ओळीत तशीच मोकळी राहिली. घड्याळजीची बहीण परगावाहून आली होती, पण नवखी. रीत ठाऊक नव्हती, म्हणून ती मागे दिव्याच्या खांबाशी उभी राहिली. बाईंनी सवयीने पुकारलं, "घड्याळजी." पुकारल्यावर लक्षात आलं, की आता उत्तर द्यायला कुणी नाही.

"हजर," कुणीतरी म्हणालं.

आवाज पुरुषाचा होता, साधा, जरासा दमलेला, आणि म्हातारीच्या मोकळ्या जागेतून आला होता. जणू कुणी नुकतंच येऊन ओळीत उभं राहिलं होतं. तिथे फरशी होती आणि फरशीवर ऊन. दोन्ही बाजूंची माणसं झटकन सरकली. सुताराचा भाऊ तर मटकन खालीच बसला. पायरीवरच्या हवालदाराने मान वर केली आणि कोण बोललं म्हणून बघितलं.

बहीण तेवढी खांबाशी शांत उभी होती. हजेरी संपल्यावर बाईंजवळ आली आणि म्हणाली, माझ्या भावाच्या वेळी कुणीच उत्तर दिलं नाही, मी द्यायला हवं होतं का? बाईंच्या अंगावर काटा होता, पण आईच्या दुःखात बुडालेल्या मुलीला काय सांगायचं? बिचारी आपल्याच तंद्रीत होती, तिचं लक्ष नसेल, असंच सगळ्यांनी धरलं. पुढच्या वेळेपासून आईच्या जागेवर उभी राहा आणि 'हजर' म्हण, एवढंच बाई बोलल्या. तसं ती करू लागली आणि तो आवाज पुन्हा आला नाही.

काहींनी म्हटलं, सरकारचा हस्तक असेल, कुठेतरी कर्णा पुरला असेल. सुताराच्या भावाने फरशी ठोकून पाहिली. ती भरीव होती. ज्यांनी घड्याळजीच्या दुकानात कधी घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं ते काही बोलले नाहीत, कारण त्यांनी आवाज ओळखला होता.

यानंतर जे झालं त्याने खरी पंचाईत केली. नर्सचे वडील, रंगारी, भलते हट्टी गृहस्थ. ते म्हणाले, की माझी पोर गेली असेल तर तीही उत्तर देईल, नसेल तर देणार नाही. मला कळायला हवं. सगळ्यांनी हातापाया पडून पाहिलं. पण शुक्रवारी "नर्स" असं पुकारल्यावर ते एक पाऊल बाजूला झाले, जागा मोकळी केली आणि ओठ घट्ट मिटून उभे राहिले. सगळ्या ओळीने श्वास रोखला. रस्त्यावरून एक सायकल गेली, न्यायालयाच्या छपरावरचं कबुतर घुमलं. दुसरं काही नाही. कुणालाच काही ऐकू आलं नाही. आणि थंडी संपायच्या सुमारास नर्स एका लांबच्या तुरुंगात जिवंत सापडली. केस कापलेले, वजन निम्म्यावर, पण जिवंत. रंगारी तिला घेऊन चौकात आले आणि लहान मुलासारखे हुंदके देत रडले.

तेव्हा सगळ्यांना कळलं, की मोकळी जागा खरं सांगते. आणि कळल्यावर सगळेच आपापल्या जागेला घट्ट चिकटले. आजारपणात लोक तापाने फणफणत यायचे, पण जागा सोडायचे नाहीत. कळत नाही म्हणून जीव जळतो हे खरं, पण न कळण्यात निदान रोज सकाळी दार वाजेल अशी आशा असते. भोंगाबाई रोज मुलाच्या वाटणीचं एक ताट काढून ठेवत आणि रात्री त्यातलं स्वतः खात. सून हे बघायची आणि बोलायची नाही.

अशात समुद्रापलीकडून एक वकीलबाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, अनेक देशांतल्या अशाच चौकांत उभ्या राहिलेल्या. त्या जगभरातल्या समित्यांच्या वतीने एक मोठी सुनावणी भरवत होत्या. तिथे देशोदेशींची माणसं येऊन आपापल्या सरकारांविरुद्ध तोंडावर बोलणार होती, आणि इथून सुनेने यावं असं त्यांचं म्हणणं होतं. मीटरवाल्याने गिरणीचा विषय काढला होता, तेव्हा त्याच्या बायकोचं बोलणं वजनदार ठरणार होतं. बाईंच्या घरी चहा घेताना दुभाष्याने त्यांना चौकातली गोष्ट सांगितली. त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, की तुम्ही जागा मोकळ्या ठेवता? आमच्याकडे ठेवत नाहीत, कुणी आलं नाही तर शेजारचा उत्तर देतो. का, असं बाईंनी विचारलं, तर वकीलबाई बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, घरच्यांना त्याचा फार त्रास होतो. तो तर होणारच, बाई मनात म्हणाल्या, त्यात नवीन ते काय.

वकीलबाई गेल्यावर सुनेने कप विसळले, हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बाईंना तिचा चेहरा बघूनच कळलं, की आता काय येणार आहे.

"आई, मी तिथे जाऊन काय मागू?"

"काय म्हणजे? नवरा माग."

"गेल्या वर्षी अशाच सुनावणीत सुताराच्या भावाने भाऊच मागितला होता. आपल्या सरकारचा माणूस उठून हसत म्हणाला, दाखवा कुठे आहे, आत्ता सोडतो. पुढे काही झालं नाही." सून हळू बोलत होती, पण ठरवून आल्यासारखी. "ते जिवंत असतील तर मला सुटका मागायला हवी. नसतील तर देह मागायला हवा. देह मागितला तर गिरणी खणून काढायला लावता येते, वकीलबाई म्हणाल्या. मग नुसते हेच नाही, आत जे असतील ते सगळे बाहेर येतील."

"मग देह माग. दोन्ही माग."

"आणि ते आत जिवंत असले तर? बायकोच देह मागतेय म्हटल्यावर त्यांना मारायला सरकार मोकळंच झालं, आई."

बाईंना राग आला. सून जीवावर उठली आहे, तिला मोकळं व्हायचं आहे, कुणी दुसरा बघून ठेवला असेल, असं नाही नाही ते त्या बोलून गेल्या. सुनेने सगळं ऐकून घेतलं. तिने ते ताट, मुलाच्या वाटणीचं, फळीवरून काढलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, हे मीही वाढते, आई, तुमची पाठ वळल्यावर. तेव्हा बाईंना समजलं, की त्यांनी काढून ठेवलेला भात रात्री नेहमी थोडा जास्त कसा असतो. मग दोघी रडल्या, आणि ठरलं, की येत्या शुक्रवारी सुनेने जागा मोकळी ठेवायची.

त्या शुक्रवारी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा अजिबात नव्हता. बाईंनी आधी सगळ्यांना सांगितलं. कुणी समजूत घालायला पुढे आलं नाही. रंगारी तेवढे म्हणाले, की माझ्या पोरीच्या वेळी असंच शांत ऊन होतं, बाई, धीर धरा. घड्याळजीच्या बहिणीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

हजेरी सुरू झाली. घड्याळजी, हजर. सुतार, हजर. एकेक "हजर" आला की बाईंना वाटे, आणखी पुष्कळ माणसं असायला हवी होती, ही ओळ संपूच नये. पण ओळ कुठेतरी संपायचीच. सून एक पाऊल बाजूला झाली. तिच्या जागेवर फरशीचा चौकोन उरला, बाकीच्या फरशांसारखाच, कोपऱ्यात जरा तुटलेला.

"मीटरवाला," बाईंनी पुकारलं. आवाज न्यायालयाच्या भिंतीवर आपटून परत आला.

बाईंनी डोळे मिटले आणि सगळा जीव कानांत आणला. लांब कुठेतरी दुकानाचं शटर वर गेलं. छपरावर कबुतर होतं. त्यांना स्वतःच्या कानशिलातलं रक्त ऐकू येत होतं. त्यांनी वाट पाहिली. रंगाऱ्यांनी पाहिली होती त्याच्याहूनही जास्त वेळ पाहिली, उगाच नंतर शंका नको. आणि काही नाही. कुणी नाही. मोकळ्या जागेतून साधा श्वाससुद्धा आला नाही.

बाईंचा जीव भांड्यात पडला. जिवंत आहे. माझं लेकरू जिवंत आहे, कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीत, केस कापलेला, वाळलेला, पण जिवंत आहे. घरी येईल, हाक मारली की 'आलो' म्हणेल आणि येणार नाही, आणि मी त्याला आयुष्यात पुन्हा कधी म्हणून रागावणार नाही. डोळे न उघडताच त्यांनी पुढचा धंदा पुकारला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो आवाज आनंदाचा होता.

"टंकलेखक."

उत्तर आलं नाही. टंकलेखकाची बायको कधी अशी चुकायची नाही. बाईंनी पुन्हा पुकारलं आणि डोळे उघडले.

टंकलेखकाची बायको तोंडावर दोन्ही हात दाबून उभी होती. रंगारी खाली बघत होते. सुताराच्या भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओळीतलं कुणीही बाईंच्या नजरेला नजर देईना. पलीकडे पायरीवर हवालदार उभा राहिला होता, शेंगदाण्याची पुडी पायाशी सांडली होती, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "अरे, तो जिवंत आहे. कुणी बोललं नाही. ऐकलंत ना तुम्ही सगळ्यांनी?"

घड्याळजीची बहीण तेवढी आपली जागा सोडून आली. तिने बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात बर्फासारखे गार होते.

"बाई," ती म्हणाली, "त्या दिवशी मलाही काही ऐकू आलं नव्हतं."

बाईंना आधी अर्थ लागला नाही. मग लागला. घरच्यांना फार त्रास होतो असं ती पांढऱ्या केसांची बाई कपाकडे बघत का म्हणाली, तेही लागलं. ज्यांच्या रक्ताचा तो, त्यांनाच तेवढा ऐकू येत नाही. जग ऐकतं, पहाऱ्यावरचा पोलीस ऐकतो, जन्म देणारीच बहिरी ठरते. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून रक्ताची नव्हती. ती तुटक्या कोपऱ्याच्या फरशीकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण चेहऱ्यावर दुसरंही काहीतरी होतं. एखाद्याची फार दिवसांनी हाक ऐकल्यावर असतं तसं.

"तू ऐकलंस?"

सुनेने मान डोलावली.

"त्याचाच होता?"

"हो."

"कसा म्हणाला? नीट म्हणाला का? दुखत असल्यासारखा नव्हता ना?"

"'हजर' नाही म्हणाले, आई." सुनेचा आवाज फुटला. "'आलो' म्हणाले."

बाई तिथेच खाली बसल्या. ओळ मोडून माणसं जवळ आली, कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात ठेवला. भोंगाबाईंना इतकं गप्प त्या चौकाने कधी पाहिलं नव्हतं. हवालदार पायरी उतरून निम्म्या वाटेपर्यंत आला आणि पुढे यावं की नाही हे न कळून तिथेच टोपी धरून थांबला.

शेवटी बाई उठल्या. पदराने तोंड पुसलं आणि सुनेला जवळ ओढलं.

"जा तिकडे," त्या म्हणाल्या. "देह माग. गिरणी खणायला लाव. जेवढे असतील तेवढे सगळे माग, एक सोडू नकोस. आणि त्यांना सांग, हाक मारल्यावर तो आलाय. पहिल्यांदा वेळेवर आलाय."

मग त्यांनी सगळ्यांना आपापल्या जागी उभं केलं. सुनेला तुटक्या फरशीवर नेऊन ठेवलं, कारण आता ती जागा कधी मोकळी राहणार नव्हती. घसा खाकरला. हजेरी अजून संपली नव्हती आणि टंकलेखकाची बायको वाट बघत होती.

"टंकलेखक," बाईंनी पुकारलं, आणि ती म्हणाली, "हजर."